अर्ध्यावरचा काटा

"एवढं आवळतं का कुणी, अण्णा?"

गाडीखालून पुटपुटणं आलं. ते मला उद्देशून नव्हतं, पण मी नवऱ्याच्या पायांपाशीच स्टूल टाकून बसले होते, त्यामुळे ऐकू आलंच. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी त्यांची, आणि पेट्रोलची टाकी धरून ठेवणारे ते दोन लोखंडी पट्टे शेवटचे आवळले तेही त्यांनीच. गंजलेला नट सुटत नसला की माणूस आवळणाऱ्याशीच भांडतो, मग तो असो नसो. "पुढच्याचा काही विचारच नाही. हाताला जोर होता तोवर आवळत सुटले." मग खरकन् आवाज झाला, मग काही वेळ नुसता श्वास, मग माझ्या नवऱ्याचा हात गाडीखालून बाहेर आला, पंजा उघडा. "चौदाचा." मी चौदा नंबरचा पाना त्यात ठेवला. ही आमची जुनी रीत आहे. तो खाली, मी वर, मधे हात. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही मनमोकळं काही बोललो असू तर ते असंच, मला त्याचे फक्त पाय दिसत असताना. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. आज मात्र मी त्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघितलं. बोटांची टोकं काळीनिळी होती, ती छापखान्याची शाई. हात थरथरत नव्हता. मी काही बघत बसले नव्हते, पण थरथरत नव्हता.

झालं होतं एवढंच की मागच्या रविवारी आम्ही बाजाराला निघालो. तो आधी खाली गेला, गाडीत बसून रेडिओ लावला. मी कुलूप घालून जिना उतरायला लागले आणि पहिल्या मजल्याच्या वळणावरच पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. खाली येऊन बघते तर गाडीच्या पोटातून थेंब ओघळतायत, फरशीवर चांगला मोठा डाग, त्यावर मोरपंखी तवंग, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, काच खाली करून, हा गृहस्थ बातम्या ऐकत बसलेला. मी दार उघडून त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. समोरच्या इमारतीतून कुणीतरी खिडकीतून विचारत होतं, पेट्रोल कुणाचं गळतंय हो, म्हणून. तो त्या डागाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हो, मलाही आला थोडासा." थोडासा. तो शब्द तेव्हापासून दातात अडकलेल्या दोऱ्यासारखा झालाय. जीभ सारखी तिथंच जाते.

कारण हा माणूस थोडासा वास येणाऱ्यातला नव्हताच कधी. नाक म्हणजे काय नाक. मी दारातून आत पाऊल टाकायचा अवकाश, हा पेपरातून मान वर न करता सांगायचा, "आज ज्यांच्याकडे गेली होतीस त्यांच्याकडे कुत्रं आहे. आणि घरात नुकता रंग काढलाय." छापखान्यात तर त्याच्या नाकाची चेष्टा व्हायची. छापलेला कागद तो नाकाशी धरून सांगायचा की शाई वाळली का नाही, कागद रचायचे का थांबायचं. नवी माणसं हसायची आणि मग घाईनं रचलेले कागद एकमेकांना चिकटले की त्याच्याकडेच यायची. रात्री कामावरून आला की तो माझ्या मानेशी नाक आणायचा, क्षणभरच, दार लावून घेताना कडी नीट बसली का बघावं तसं, आणि मग जेवायला बसायचा. मी त्याला म्हणायचे, माणूस आहेस का तपासनीस. तर आता गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या बोटांची टोकं शाईनं माखून यायला लागली. मी साबण बदलून पाहिला, ब्रश आणला, लिंबू चोळलं. किती दिवस लागले मला हे कळायला की तो हल्ली कागद हुंगत नाही, बोट लावून बघतो. आणि मानेचं म्हणाल तर तो अजूनही नाक आणतो. फक्त जरा जास्त वेळ थांबतो, चष्मा नसताना अक्षर लावत बसल्यासारखा.

"पडलायस का रे अजून खालीच?" मागून आवाज आला. ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, तळमजल्यावर राहतात. गुडघे गेलेत, त्यामुळे त्या येतात त्याच्या बऱ्याच आधी त्यांची काठी ऐकू येते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात थर्मास, बगलेत प्लास्टिकचे पेले. "आणि याला मेकॅनिक मिळत नाहीत का गावात?"

"मिळतात की," गाडीखालून उत्तर आलं. "पण त्यांना अण्णांशी भांडता येणार नाही."

"भांडून घे. जिवंतपणी तर तोंडातून शब्द नाही फुटला कधी." ताईंनी थर्मास बोनेटवर ठेवला, नाक आक्रसलं आणि माझ्याकडे बघितलं. "केवढा वास मारतोय गं हा."

"जुनी टाकी रिकामी केली ना सकाळी," मी म्हणाले. "कॅन तिकडे भिंतीपाशी ठेवलेत, झाकणं घट्ट लावून."

"हं." त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग भावाच्या पायांकडे बघितलं. बरीच वर्षं एका घरात काढली की बायकांना डोळ्यांनी एकमेकींच्या हातातलं ओझं घेता येतं, नाहीतर तसंच राहू देता येतं. आम्ही राहू दिलं. "चहा घ्या," त्या म्हणाल्या, "गार होईल."

साबणाचं तर सांगायलाच हवं. माझ्या वाढदिवसाला त्यानं साबण आणला, उंची, कागदी खोक्यातला, तीन वड्यांचा. मी खोकं उघडलं तर त्यानं एक वडी काढून नाकाशी नेली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "वा. चाफ्यासारखा आहे, नाही?" खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की नाजूक त्वचेसाठी हा साबण बिनवासाचा केलेला आहे. मी वडी हातात घेतली, हुंगली. दगड हुंगावा तशी. "हो," म्हणाले, "चाफाच." आणि खोकं त्याच्या नजरेला पडायच्या आधी कचऱ्यात पोचवलं. त्या दिवसापासून आम्ही दोघंही चाफ्यानं अंघोळ करतो. दूध खाली लागलं की मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणते, अगं बाई, लागलं वाटतं दूध, म्हणजे त्याला बाहेरून म्हणता यावं, तेच म्हणतोय मी मघापासून. गॅस मीच पेटवते, मीच बंद करते, आणि तो झोपला की पुन्हा उठून बटणावर हात फिरवून येते. माझा भाऊ बोलावतो, ये ना चार दिवस राहायला. मी म्हणते, येईन की. एक रात्रही गेलेले नाही. माझ्यामागे घरात गॅस सुटला तर त्याला कोण सांगणार, सुटला वाटतं म्हणून.

पण भीती गॅसची नव्हे. गॅसला बटण असतं. भीती अण्णांची. मी नवी नवरी होते तेव्हा अण्णा माझ्या हातचं पहिलंच जेवण जेवले आणि चमचा खाली ठेवून म्हणाले, "यात काही घातलंच नाहीस का गं?" मी मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा वाढवलं. बाकीचे पाण्याचे पेलेच्या पेले रिचवायचे आणि काही बोलायचे नाहीत, नव्या मुलीला कशाला, म्हणून. मला वाटलं, यांना मी आवडले नाही. पुढे खूप वर्षांनी त्यांच्या कपाची बशी वाजायला लागली, मग शर्टाची बटणं लागेनात, मग पाऊल उचलता उचलेना, तेव्हा आम्ही तिघं, नवरा, ताई आणि मी, त्यांना मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी हात बघितले, चालवून बघितलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "यांना वास कधीपासून येत नाही?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कंपवातात कधीकधी नाक फार आधी जातं, त्या म्हणाल्या, हाताच्याही कितीतरी आधी. नाक गेलं म्हणजे तेच असतं असंही नाही हं, सर्दीनंसुद्धा जातं. अण्णा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. ते वाक्य आम्ही तिघांनी ऐकलंय. तिघांनाही ते पाठ आहे, आणि तिघांपैकी प्रत्येकाला माहीत आहे की बाकीच्या दोघांनाही पाठ आहे. म्हणून तर रविवारपासून या घरात पेट्रोलबद्दल इतकं बोलणं झालं. टाकी, गंज, नवी टाकी कुठल्या दुकानात मिळते, जोड लावून भागेल का, छे, पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायचं म्हणजे घर उडवायचं. सगळं बोलून झालं.

"धर," तो म्हणाला. शेवटचा नट सुटला होता. खाली जॅकवर लाकडाची फळी ठेवलेली, टाकीचा भार तिच्यावर. तो जॅक हळूहळू उतरवत होता आणि मी दुसऱ्या बाजूनं, गुडघ्यांवर बसून, टाकी कलंडू नये म्हणून तळवा लावून होते. ती इंचाइंचानं खाली आली, मातकट, पापुद्रे सुटलेली. तिला ओढून उजेडात आणलं तर काठाच्या जोडावर गंजानं खाल्लेलं भोक, डाळिंबाच्या दाण्याएवढं. "एवढ्याशासाठी," ताई म्हणाल्या. "एवढंसंच पुरतं," तो म्हणाला आणि अंगठ्यानं ते भोक पुसलं, लहान मुलाच्या नाकाखाली पुसतात तसं.

नवी टाकी काळी, कोरी, ढोलासारखी हलकी. तिच्या वरच्या अंगाला एक गोल तोंड, त्यातून आत तरंगता फुगा सोडायचा. तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि पुढे डॅशबोर्डवरचा काटा हलवतो. जुना फुगा अण्णांच्या वेळेपासून अर्धवट अडकलेला. त्यामुळे आमच्या घरात गाडी शिकणाऱ्याला ब्रेकच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची, अर्धा म्हणजे रिकामा. काटा अर्ध्यावर आला की पंप गाठायचा. पूर्ण भरली की तो पाऊणच्या पुढे जायचा नाही, आणि कुणी पाहुण्यानं विचारलंच, अहो, अर्धी तर आहे, एवढ्यात कशाला थांबता, तर गाडीतले सगळे एकदम म्हणायचे, अर्धा म्हणजे रिकामा. आमची मुलगी परगावी गेली आणि तिनं पहिल्यांदा दुसऱ्याची गाडी चालवली तेव्हा अर्धी टाकी असताना रडवेली होऊन पंप शोधत फिरली. नव्या टाकीबरोबर नवा फुगा आला होता. नवरा मात्र जुनाच हातात घेऊन उभा राहिला. पुसला, हलवून बघितला.

"हाच टाकू का परत?" तो म्हणाला. "सवय आहे."

"काहीतरीच काय," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे चालतोय तो. त्याच्या पद्धतीनं."

मी नवा फुगा त्याच्या हातात दिला. त्यानं तो आत सोडला, रबराची नवी चकती बसवली, वरची कडी फिरवून घट्ट केली. मग टाकी पुन्हा फळीवर, फळी जॅकवर, आणि आम्ही दोघं तिला वर चढवायला लागलो. उतरवण्यापेक्षा चढवणं अवघड. पाइप मधे येतात, वायर दबते, एक कोपरा बसला की दुसरा सुटतो. "जरा तुझ्याकडे. अजून. बास. थोडी माझ्याकडे." आमच्या डोक्यांमधे दीड वीत अंतर होतं आणि मधे ती काळी टाकी. त्याच्या कपाळावर धूळ चिकटली होती. मला एकदम वाटलं की असंच थांबावं, पट्टे लागूच नयेत, दोघांनी दोन बाजूंनी हात लावून ठेवावा. पण पट्टे लागले. त्यानं नट आवळले, आणि शेवटचा पिळा देताना थांबून म्हणाला, "बास. पुढच्याला सुटला पाहिजे." मग पंपाचा पाइप, हवेचा बारीक पाइप, आणि पेट्रोल भरायच्या तोंडापासून येणारा तो जाड रबरी पाइप, तो टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं हात जेमतेम पोचतो, तिथं पत्र्याच्या क्लिपनं आवळला.

त्यानं बॅटरीची वायर जोडली. मी फनेल धरलं, त्यानं एक कॅन ओतला. किल्ली अर्धी फिरवून तिघं डॅशबोर्डवर वाकलो. काटा किंचित हलला, तळापासून बोटभर वर आला आणि तिथंच थांबला.

"गेलं," तो म्हणाला. "वायर दबली असणार. तरी म्हटलं जुनाच टाकू." आणि पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला सुद्धा. मीही, काय सांगू, स्टूल ओढून बसले आणि मनात म्हणाले, आता सगळं परत उतरवायचं. खालून वायर चाचपल्याचे आवाज येत होते. "जोडलेली तर आहे. मग काटा का नाही चढत अर्ध्यापर्यंत?"

ताई खिडकीतून आत डोकं घालून काट्याकडे बघत होत्या. "अरे," त्या म्हणाल्या, "एकच कॅन ओतलास ना?"

"हो."

"मग तेवढंच दाखवतोय. खरं दाखवतोय तो."

खालचे आवाज थांबले. मग मला हसू फुटलं, मग ताईंना, आणि गाडीखालून एक बारीकसं खिदळणं आलं. तो बाहेर येऊन जमिनीवर तसाच बसून राहिला, पाठ चाकाला टेकून, आणि आम्ही तिघांनीही हसता हसता चहाचे थंड पेले उचलले.

मग त्यानं खिशातून कागदाच्या पट्ट्या काढल्या. छापखान्यातल्या कातरलेल्या कडा, पांढऱ्या, बोटभर रुंद. एकेक पट्टी घेऊन तो खाली शिरायचा, एकेका जोडावर दाबायचा, बाहेर काढून उजेडात धरायचा. ओल नाही. पुढची. ओल नाही. मी आजवर त्याला गळती अशी तपासताना पाहिलं नव्हतं. तो पूर्वी खाली डोकं घालायचा, एकदा श्वास घ्यायचा आणि सांगायचा. किती दिवस विचार करून या पट्ट्या काढल्या असतील त्यानं, आणि घरी आणताना कुठल्या खिशात लपवल्या असतील. "कोरडी आहे," तो म्हणाला, हात पुसले, आणि किल्ली घेऊन सीटवर बसला.

मला वास आला. भिंतीपाशी ठेवलेल्या कॅनचा नव्हे, तो मला आता ओळखू येत होता. हा ताजा, बारीक, गाडीच्या मागच्या अंगानं येणारा. वर्षभर जे करत आले तेच तोंडाशी आलं, अगं बाई, येतोय वाटतं कुठून तरी. म्हणजे त्याला म्हणता येईल, हो, मलाही आला थोडासा. तो किल्ली फिरवणार, एवढ्यात मी खिडकीतून हात घालून त्याच्या मनगटावर ठेवला. "थांब," म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या ताईंकडे. त्यांचं नाक आक्रसलेलं होतं आणि त्यांनी ते सरळ करायचा प्रयत्नही केला नाही.

"येतोय का?" त्यानं विचारलं.

"हो."

"कुठून?"

"मागून कुठूनतरी."

त्यानं किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. बॅटरीची वायर सोडली. मग खाली पसरलेला पुठ्ठा थोडा बाजूला सरकवला, दुसरा एक आणून शेजारी टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू ये खाली. तुलाच सांगावं लागेल. मला काहीच येत नाही."

इतक्या वर्षांत मी गाडीखाली कधी शिरले नव्हते. माझी जागा वर. पदर खोचून पाठीवर झोपले आणि टाचांनी सरकत गेले, तो शेजारून सरकत आला. खाली अंधार नव्हता, एक करडा, मऊ उजेड होता, आणि छताला लावावी तशी ती नवी टाकी. मी नाक एकेका जोडापाशी नेलं. इथं नाही. इथं नाही. मग त्या वरच्या कोपऱ्यात, जिथं हात जेमतेम पोचतो आणि कागदाची पट्टी पोचतच नाही, तिथं. "या क्लिपशी," मी म्हणाले. "थोडासा नाही. चांगला येतोय." त्यानं हात वर घातला, क्लिप चाचपली. ती तिरकी बसली होती. सरळ केली, आवळली. "आता?" मी वाट पाहिली. वारा येऊन गेला. "आता नाही." तरी तो बाहेर निघाला नाही, म्हणून मीही नाही. त्याचा हात त्याच्या छातीवर होता. मी तो उचलून माझ्या हातात घेतला आणि या वेळी बघतच राहिले, लपवलं नाही. शाई, ग्रीस, धूळ. स्थिर होता. आज तरी स्थिर होता.

"चाफ्याचा साबण," तो टाकीकडे बघत म्हणाला, "त्याला वास नव्हता ना?"

"नव्हता."

"मला दुकानदाराच्या तोंडावरून शंका आली होती." गाडीच्या कडेला ताईंच्या चपला दिसत होत्या, शेजारी काठीचं रबरी टोक. चपला हलत नव्हत्या. मग तो जरा मोठ्यानं बोलला, त्या चपलांना ऐकू जाईल असा. "ताई, अण्णांचंही असंच सुरू झालं होतं ना?"

काठीचं टोक आडवं झालं. मग एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा, मग कुरकुरत एक गुडघा, आणि ज्या बाईला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात तिचा चेहरा कडेनं खाली आला, उलटा, लाल झालेला, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांसकट. त्यांनी आम्हा दोघांकडे नीट बघून घेतलं.

"हो, असंच," त्या म्हणाल्या. "आणि आपण सगळे नुसतं मीठ वाढवत बसलो."